कोडोली शाखेची इमेज

कॉम्प्युटरचं काम म्हटलं की लोकांना वाटतं, हिला काय, गार खोलीत बसून बटणं दाबायची. आमची गार खोली म्हणजे शाहूपुरीत मोटारी रिवाइंड करणाऱ्या एका दुकानाच्या माथ्यावरचा पत्रा. खालून वॉर्निशचा वास वर यायचा आणि दुपारी पत्रा इतका तापायचा की मशीन आपणहून बंद पडायची. डिप्लोमा करून मी तिथं लागले तेव्हा फर्ममध्ये माणसं दोनच होती. एक सर, म्हणजे फर्मचे मालक, आणि दुसरी मी.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेच्या शाखा कॉम्प्युटरवर आणायचं काम सरांना मिळालं. त्याच बँकेच्या कोडोली शाखेत माझे वडील, आमचे आप्पा, शिपाई होते. काम त्यांच्यामुळं मिळालं असं कुणाला वाटत असेल तर त्यानं आधी सहकारी बँकेतला शिपाई बघून यावा. आप्पांच्या शब्दावर तिथं चहासुद्धा उधार मिळत नसे. पण काम सुरू झाल्यावर सर एकदा म्हणाले, की सगळ्या शाखा झाल्या की बँक स्वतःच्या कॉम्प्युटर विभागात एक माणूस कायमचा घेणार आहे, तू अर्ज कर, मी शब्द टाकतो. ते मी घरी सांगितलं आणि त्या दिवसापासून आप्पांना दुसरं काही सुचेना. ज्या बँकेत आपण सगळा जन्म ट्रे धरून उभे राहिलो, तिथं लेक खुर्चीवर बसणार. ते असं बोलून दाखवायचे नाहीत. रोज फक्त विचारायचे, "इंटरव्ह्यू कवा हाय म्हणालीस?"

आता इमेज म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

एका शाखेत पाच-सहा मशीन असायची. प्रत्येकावर सगळी सॉफ्टवेअर एकेक करून घालत बसायचं म्हटलं तर आमची म्हातारपणं तिथंच झाली असती. म्हणून आधी ऑफिसात एक मशीन तयार करायचं. त्याला आम्ही मास्टर म्हणायचो. त्याच्यावर बँकेचं सॉफ्टवेअर, प्रिंटर, मराठी फाँट, सगळं घालायचं, हजारदा तपासायचं, मग नको ते सगळं पुसायचं, आणि त्या अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी एक भलीमोठी फाइल करायची. हीच इमेज. ती शाखेतल्या सर्व्हरवर नेऊन ठेवली की वायरीतून बाकीच्या मशीनवर एकदम उतरते आणि सगळी मशीन जुळ्या बहिणींसारखी एकसारखी होतात. मग प्रत्येकीला वेगळं नाव द्यायचं, नाहीतर नेटवर्कवर एकाच नावाच्या दोघी भांडत बसतात. मास्टरवर जे असेल ते सगळीकडे जातं. चांगलं जातं आणि राहून गेलेलंही जातं.

मास्टर तयार करण्यात माझा हात धरणारं कोल्हापुरात कुणी नव्हतं, हे मी स्वतःच्या तोंडानं सांगते. सर घाईचे. "चालतंय की, चल उतरव" म्हणायचे. मी मात्र पाहुणे बघायला येणार असलेल्या घरासारखं ते मशीन झाडून काढायची. कोपरान् कोपरा.

बँकेच्या अध्यक्षांची एक हौस होती. मशीन थोडा वेळ नुसतं राहिलं की पडद्यावर बँकेचं घोषवाक्य उजवीकडून डावीकडे चालत गेलं पाहिजे. स्क्रीनसेव्हर. ते करणं सोपं होतं, पण घोषवाक्य कोणतं यावर संचालकांचं एकमत होईना. एकाला "विश्वास" हवा, दुसऱ्याला "प्रगती". तोवर मराठी अक्षरं चालताना नीट दिसतात का हे तरी बघून घ्यावं म्हणून मी मास्टरवर काहीतरी टाइप केलं. नवं पेन घेताना आपण दुकानात कागदावर जे हाताला येईल ते लिहून बघतो, तसं. सर अशा वेळी "श्री" टाइप करायचे. मी "जय भीम" टाइप केलं.

त्यात विचार काहीच नव्हता. आमच्या घरात वहीच्या पहिल्या पानावर तेच, पत्राच्या माथ्यावर तेच, लग्नपत्रिकेवर तेच. बोटांना ते पाठ होतं. शिवाय त्यात दीर्घ वेलांटी आहे, आणि त्या काळचे फाँट बिघडले की आधी वेलांटी घसरायची. माझी वेलांटी जागेवर होती. अक्षरं काळ्या पडद्यावरून ऐटीत चालत गेली. मी पुढच्या कामाला लागले.

मशीनवर आम्ही दोन लॉगिन ठेवले होते. एक आमचं, दुरुस्तीचं. दुसरं बँकेच्या कारकुनांचं, रोजच्या कामाचं. स्क्रीनसेव्हर ज्याच्या त्याच्या लॉगिनचा वेगळा असतो. शेवटी "विश्वास" आणि "प्रगती" दोन्ही घालून घोषवाक्य ठरलं, ते मी आमच्या लॉगिनमध्ये घातलं. अक्षरं तपासली होती ती कारकुनांच्या लॉगिनमध्ये, तिथं माझं ते दोन शब्दांचं वाक्य तसंच राहिलं. एवढं झाडून काढलेल्या घरात मागची खोली उघडायचीच राहून गेली. आणि मी इमेज घेतली.

पहिली शाखा ठरली कोडोलीची. रविवारी सर आणि मी स्कूटरवरून तिथं गेलो. आप्पांनी शाखा उघडून, फरशी पुसून ठेवली होती. आमचं घर कोडोलीतच, म्हणजे मी घरातून निघून कोल्हापूरला जाऊन परत गावातच आले होते, पण सरांच्या मागं बसून आले म्हणून आप्पांनी दारात मला नमस्कार केला. म्हणाले, "या मॅडम." मला हसू फुटलं. मग बघितलं तर त्यांच्या तोंडावर हसण्याचं चिन्ह नव्हतं. दिवसभर मी मॅडमच होते. "मॅडम, चा आनू व्हय? मॅडम, पंखा लावू?" शेवटी मी हळूच म्हटलं, "आप्पा, कुणी नाही इथं." तर म्हणाले, "भिंती हायत की."

या भिंतींविषयी सांगायला पाहिजे. आप्पा गावात, वस्तीत, एसटीत, ओळखीचा भेटला की दुरूनच हात वर करून "जय भीम" म्हणायचे. आवाज असा की पलीकडच्या गल्लीतून उत्तर यावं. पण बँकेच्या पायरीवर पाऊल ठेवलं की तो आवाज बाहेर चपलांजवळ राहायचा. आत फक्त "नमस्कार साहेब". त्यांना कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं. बँकेतली माणसं वाईट नव्हती. सगळे त्यांना "मामा" म्हणायचे, त्यांच्याच हातचा चहा प्यायचे, पोरांच्या लग्नाला बोलवायचे. आत रामराम चालायचा, जय महाराष्ट्र चालायचं. जय भीम चालतं का, हे आप्पांनी कधी करून बघितलं नाही. सगळ्या नोकरीत एक मेमो नाही, याचा त्यांना अभिमान होता. तो अभिमान कशावर उभा होता ते मला तेव्हाही कळत होतं आणि त्याचा मला रागही यायचा.

मशीनवर इमेज उतरली. पाचही पडदे एकसारखे लागले. आम्ही आमच्या लॉगिननं सगळं तपासलं, थोडं थांबलो, घोषवाक्य पाचही मशीनवर रांगेनं चालत गेलं. आप्पा हात मागं बांधून बघत होते. म्हणाले, "लई झ्याक." सर खूश, मी खूश. सोमवारपासून कारकून त्यांच्या लॉगिननं काम करणार होते. आम्ही कबनूरच्या शाखेच्या तयारीला लागलो.

त्या सोमवारी आप्पा दमून आले. आई म्हणाली, "आज काय बँकेत नांगर धरलासा व्हय?" ते हातपाय धुवायला गेले. जेवताना मात्र माझ्याकडं दोनतीनदा बघितलं. त्यांचं ते बघणं नेहमीचं नव्हतं. शाळेत माझा पहिला नंबर आला तेव्हा ते असं बघायचे. मला वाटलं, इंटरव्ह्यूचं चाललंय डोक्यात. मग आठवड्याच्या मधल्याच एका दिवशी आईनं पुरणाच्या पोळ्या केल्या. सण नाही, पाहुणा नाही. मी विचारलं तर म्हणाली, "वाटलं म्हनून केल्या. तुला काय करायच्यात? खा गप."

मग सरांना बँकेच्या हेड ऑफिसातून फोन आला. कोडोली शाखेच्या मॅनेजरांची तक्रार होती, की शिपाई सारखा मशीनला हात लावतोय. एका कारकुनाची अर्धी भरलेली नोंद त्यामुळं पुसली गेली. बघून अहवाल द्या, मग मेमो काढायचा का ते ठरवू. सरांनी फोन ठेवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "मी गेलो असतो, पण मला इचलकरंजीला जायचंय." सर घाईचे होते, भित्रेही होते.

एसटीत बसून मी चिडत होते. आप्पांना नसत्या उठाठेवी सुचल्या कुठून? ज्या माणसानं सगळ्या जन्मात साहेबाच्या टेबलावरची टाचणी इकडची तिकडं केली नाही, त्यानं नेमकं आताच पोरासारखं माउस हलवत बसावं? आणि चौकशीला कोण, तर मी.

शाखेत गेले तर मशीन सगळी सुरू होती आणि कारकून सगळे जुन्या खतावण्यांत डोकं घालून बसले होते. मशीनला हात लावायची त्यांची छाती होत नव्हती. दिवसातून एकदा भीतभीत एखादी नोंद करायचे आणि परत पेन घ्यायचे. म्हणजे मशीन दिवसभर मोकळीच. मॅनेजर चांगला माणूस. मला खुर्ची दिली आणि म्हणाले, "काय सांगू मॅडम, आमचं मामा सोन्यासारखं मानूस. पन ह्यो काय नाद लागलाय कळंना. सकाळधरनं फडकं घेऊन ह्या टेबलावरनं त्या टेबलावर. पुसायचं निमित्त आन् माउस हलवायचा. दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं. व्हय म्हनत्यात आन् परत हायच."

टेबलापलीकडचा कारकून म्हणाला, "मी म्हनलं की त्यास्नी, मामा, किती पुसताय, कॉम्प्युटरची कातडी निघंल."

आप्पा भिंतीला टेकून उभे होते, हातात पिवळं फडकं. आपल्याविषयीच बोलणं चाललंय, समोर आपली लेक तपासनीस म्हणून बसलीय, आणि त्यांचं लक्ष दोन्हीकडं नव्हतं. ते कोपऱ्यातल्या मशीनकडं बघत होते. एकदम ते निघाले, भराभर त्या टेबलाशी गेले आणि फडक्याच्या हातानं माउसला धक्का दिला.

"बघा!" मॅनेजर ओरडले. "बघा की! तुमच्या म्होरं!"

माझी खुर्ची त्या पडद्याच्या समोरच होती. माउस हलायच्या आधी उजव्या कडेनं आलेलं पहिलं अक्षर मी बघितलं होतं. ज.

 कारकुनांचं लॉगिन. मागची खोली. मग बाकीचं एकेक उलगडत गेलं. सोमवारी सकाळी पुसायला म्हणून आप्पा टेबलापाशी गेले असतील, पडद्यावर ते चालताना दिसलं असेल, कुणी लिहिलं हे विचारायची गरज नव्हती. त्यांनी माउस हलवला असेल, ते गेलं असेल. थोड्या वेळानं दुसऱ्या मशीनवर. मग तिसऱ्या. तेव्हापासून हा माणूस पाच मशीनच्या मागं फडकं घेऊन धावत होता. कॉम्प्युटरला हात लावायला ज्याला मनाई, त्यानं. माझा इंटरव्ह्यू होईपर्यंत कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून.

मॅनेजर विचारत होते, "बोला मॅडम, काय लिवायचं अहवालात?"

आप्पांनी माझ्याकडं बघून, बोलू नको अशी मान हलवली. अगदी थोडी. मग मॅनेजरांना म्हणाले, "चुकलं साहेब. गंमत वाटायची, हलवून बघत हुतो. मेमो द्या." आयुष्यभर जपलेली ती कोरी पाटी त्यांनी अशी सहज पुढं केली, सुट्टे पैसे द्यावेत तशी.

मला ते सहन झालं नाही. मी उठून म्हटलं, "साहेब, त्यांचा काही दोष नाही. चूक माझी आहे. थोडा वेळ कुणी मशीनला हात लावू नका." आप्पा पुढं झाले, त्यांचा फडक्याचा हात मी धरला. मग आम्ही सगळे पडद्यांकडं बघत उभे राहिलो. आणि एकामागून एक पाचही पडद्यांवर ते आलं. पांढरं, ठसठशीत, वेलांटीसकट. जय भीम. जय भीम. जय भीम.

कॅशियर पंख्याकडं बघू लागले. कारकुनानं पेनाचं टोपण काढलं आणि लावलं. मॅनेजरांनी वाचलं, परत वाचलं, आणि फक्त "हं" म्हणाले.

मी घाईघाईनं सांगत सुटले. फाँट तपासायला टाकलं होतं, चुकून राहिलं, लगेच काढते, माफ करा. मामा ते झाकायला बघत होते.

"आसू दे, आसू दे," मॅनेजर म्हणाले. "तसं आमचं काय न्हाय. पन गिऱ्हाइकं येत्यात, संचालक येत्यात... काढा तेवढं." कारकून म्हणाला, "आमचं काय न्हाय वो, मॅडम." सगळे माझ्याशी फार चांगले वागले. त्याच्या आधी इतकं चांगलं कधी वागले नव्हते.

मी पाचही मशीनवर जाऊन ते काढलं आणि विश्वास, प्रगती घातली. मेमो निघाला नाही. तक्रार मिटली. पुढं बँकेच्या कॉम्प्युटर विभागात दुसऱ्याच कुणाला घेतलं. कारण कुणी सांगितलं नाही. ते यामुळंच झालं असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, आणि नाही असंही म्हणवत नाही. मी पुण्याला गेले, मोठ्या नेटवर्कवर मोठ्या इमेज उतरवल्या. आप्पा कोऱ्या पाटीनं निवृत्त झाले आणि काही वर्षांनी गेलेही. त्यांच्याबद्दल आठवायला बसलं की बाकी सगळं बाजूला राहतं आणि त्या दिवशीची संध्याकाळ येते.

बँक बंद झाल्यावर आम्ही दोघं घरी निघालो होतो. आप्पा सायकल हातात धरून माझ्यापुढं चालले होते. ते खूश नाहीत हे मला पाठीवरून कळत होतं. मी म्हटलं, "मेमो टळला की आप्पा. तोंड पाडायला काय झालं?"

"मेमो घेतला आसता की मी."

"न केलेल्या गोष्टीचा?"

ते थोडं चालले. मग म्हणाले, "मला वाटलं, तू मुद्दाम लिवलंयास."

"मुद्दाम कशाला लिहीन? टेस्टिंग होतं ते. पुसायचं राहिलं."

"व्हय. सांगिटलंस की सगळ्यांस्नी. चूक झाली म्हनून."

"मग चूकच होती ना ती!" मी चिडून म्हटलं.

ते थांबले. "पुसायचं ऱ्हायलं ती चूक आसंल. तुझ्या मशीनचं मला काय कळत न्हाय. पन इतकी वरसं मी त्या भिंतीला उभा हाय. एकदा बी तोंडातनं काढलं न्हाय, भ्यालो. सोमवारी बघिटलं आन् वाटलं, मी न्हाय तर न्हाय, माज्या पोरीनं लिवलं. पाच ठिकानी. म्हनलं, नोकरीचं हुईस्तोर झाकू या, मग दिसू दे सगळ्यांस्नी." ते माझ्याकडं वळले. "आनि तू त्याची माफी मागिटलीस."

मला रडू आलं. काहीतरी बोलायला म्हणून मी पुढं झाले, तर त्यांनी सायकल परत ढकलायला सुरुवात केली.

"ऱ्हाऊ दे आता. घरात काय बोलू नगंस," ते म्हणाले. "तुझ्या आईला सांगिटलंय मी, पोरीनं बँकेत जय भीम लिवलंय म्हनून. तिला तसंच वाटू दे."